चौथा पंप

मंडळी, आधीच खुलासा करतो. हा लेख रस्त्याकडेच्या पेट्रोल पंपाबद्दल नाही. तिथल्या मापात पाप असते की नाही यावर माझे मत आहे, पण ते पुन्हा केव्हातरी. आज ज्याच्याबद्दल लिहायचे आहे तो फ्युएल पंप इंजिनाच्या कुशीला बोल्टांनी बसवलेला असतो, मुठीएवढा असतो, आणि मागच्या टाकीतले पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरला पोचवायचे एवढे एकच काम जन्मभर करतो. आमच्या फियाटचे असे तीन नवे पंप चौदा महिन्यांत 'गेले'. हा शब्द मी मुद्दाम अवतरणात टाकला आहे, कारण माझे सगळे भांडण त्या एका शब्दाशी आहे.

फियाट म्हणजे खरे तर प्रीमियर पद्मिनी. कंपनीने १९७४ मध्ये गाडीचे नाव पद्मिनी केले, पण लोकांनी शेवटपर्यंत तिला फियाटच म्हटले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी गहिवरून लेख छापले होते. आमच्या घरातल्यांनीही ते मोठ्या हौसेने ग्रुपवर टाकले आणि आठवड्याभरात मला विचारले, "मग आता आपली कधी काढताय?" आमची १९८८ ची आहे. १९९६ साली सेकंडहँड घेतली. तेव्हा आमच्या मुख्याध्यापकांकडेही स्कूटरच होती, त्यामुळे गाडी शाळेच्या फाटकात न लावता मी ती कोपऱ्यावर लावत असे. असो.

तर पंपाची हकीकत. २००९ साली बसवलेला पंप मार्च २०२४ मध्ये थांबला. पंधरा वर्षे झाली होती, तक्रार नव्हती. गॅरेजमध्ये नवा बसवला. तो जुलैत गेला. दुसरा बसवला. तो डिसेंबरात गेला. तिसरा बसवला. आणि मे २०२५ मध्ये, पुण्याहून साताऱ्याला परत येताना, खंबाटकी घाट अर्धा चढल्यावर गाडीने दोन झटके दिले, मिसिंग करायला लागली आणि बंद पडली. दुपारचे दोन वाजले होते. मागच्या सीटवर सौ. होत्या, आदल्या दिवशी एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, डोळ्यावर पट्टी, धूळ लागू द्यायची नाही अशी डॉक्टरांची ताकीद. काचा उघडाव्यात तर ट्रकचा धूर आणि धूळ, बंद ठेवाव्यात तर आत भट्टी. तिने एक शब्द काढला नाही. तिने बोलली असती तर बरे झाले असते असे मला त्या पाऊण तासात दहा वेळा वाटले.

एक टेम्पोवाला थांबला. पन्नाशीचा असेल. बॉनेट उघडलेले पाहून म्हणाला, "फियाट ना काका? मुंबईत बावीस वर्षं टॅक्सी चालवली." त्याने पंपाला बोट लावले आणि झटकन मागे घेतले. स्वतःचा पंचा पाण्यात भिजवून पंपाभोवती गुंडाळला, वर बाटलीतले पाणी थोडे थोडे सोडत राहिला. पंधरा-वीस मिनिटांनी सेल्फ मारायला सांगितला. गाडी सुरू! मी म्हणालो, "तिसरा पंप गेला हो हा." तो म्हणाला, "गेला नाही काका. तापलाय."

हे तीन शब्द मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होतो. कारण दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गेलो तर तिथे उत्तर तयार होते. "पंप वीक झाला सर. चौथा टाकू." बॉनेट अजून उघडलेही नव्हते!

आता माझे म्हणणे ऐका. पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोचत नाही, हे लक्षण आहे. 'पंप गेला' हा निष्कर्ष आहे. या दोहोंच्या मध्ये पायऱ्या असतात आणि त्या पायऱ्या आजकाल कोणी चढतच नाही. मी छत्तीस वर्षे इतिहास आणि मराठी शिकवले. १८५७ च्या उठावाची कारणे लिहा, हा प्रश्न किती हजार वेळा तपासला असेल देव जाणे. ज्या मुलाने 'काडतुसांना चरबी लावली होती' एवढेच लिहून उत्तर संपवले त्याला मी कधी एका गुणाच्या वर दिला नाही. अरे, काडतूस हे तात्कालिक कारण! त्याच्या मागे तैनाती फौजा आहेत, खालसा केलेली संस्थाने आहेत, आणि त्यात आपले सातारा १८४८ सालीच गेलेले आहे, हे साताऱ्याच्या पोराने तरी लिहायला नको? गॅरेजमध्ये मला तीन वेळा काडतूस हेच उत्तर मिळाले आणि मी तीनही वेळा पूर्ण गुण देऊन वर बाराशे रुपये मोजले. राग आधी स्वतःचा आला तो याचा.

पंप चौदा महिन्यांत तीन वेळा का जातो असे विचारले की तीन ठरलेली उत्तरे मिळतात. माल डुप्लिकेट आहे. पेट्रोल खराब आहे. गाडी जुनी आहे. तिन्ही उत्तरांत थोडे थोडे तथ्य आहे, म्हणूनच ती धोकादायक आहेत. आणि तिन्हींमध्ये एक गोष्ट सारखी आहे पहा : ज्याच्या हातात पाना आहे त्याच्यावर काहीच येत नाही. दोष कारखान्याचा, सरकारचा किंवा काळाचा. शेवटचे उत्तर तर मला फारच लागते. जुना पंप पंधरा वर्षे चालला, नवे चार-पाच महिने चालले, आणि खापर म्हातारपणावर! मग म्हातारे कोण, नवे पंप?

चौथा पंप न घेता मी घरी आलो. काढलेले पंप मी दर वेळी मागून घेतो (आमच्या वडिलांची सवय, ते घड्याळाची तुटलेली कमानसुद्धा मागून घेत), त्यामुळे जुना एक आणि नवे दोन असे तीन पंप बिस्किटांच्या डब्यात पडले होते. आमच्या गावात एक मिस्त्री आहेत, ऐंशी पार केलेले, आता गॅरेज बंद आहे, नजर अधू आहे पण बोटे शाबूत आहेत. डबा घेऊन त्यांच्या ओट्यावर गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सर, हे उघडून पाहिले कुणी?" कुणी पाहिले नव्हते. मी दवाखान्यात कुणाला पोट न तपासता औषध दिलेले चालवून घेत नाही. मग इथे का चालवून घेतले?

ज्यांना आतले माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पंपाच्या पोटात रबर-कापडाचा एक पडदा असतो, त्याला डायफ्रॅम म्हणतात. इंजिनातल्या कॅमशाफ्टवरचा उंचवटा पंपाची दांडी ढकलतो, दांडी पडदा खाली ओढते, त्या ओढीने पेट्रोल आत येते. मग स्प्रिंग पडदा वर ढकलते आणि पेट्रोल पुढे जाते. दोन छोट्या झडपा असतात, एक आत घेणारी, एक बाहेर सोडणारी. कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर पडदा मिनिटाला पंधराशे वेळा खालीवर होतो. संपली सगळी विद्या. यात गूढ असे काही नाही, आठवीच्या मुलाला कळेल.

जुना पंप उघडला. पडदा कडक होऊन तडकलेला. पंधरा वर्षांनी आलेले रीतसर मरण. पण त्या पंपाच्या बुडाला एक काळा, जाड तुकडा चिकटलेला होता, अर्धा मोडलेला. मिस्त्रींनी तो बोटाने चाचपला आणि विचारले, "याचा दुसरा अर्धा कुठाय?"

वाचकहो, त्या अर्ध्या तुकड्यात निम्मी गोष्ट आहे. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये ते जाड पॅकिंग असते. ते उष्णता अडवते, म्हणजे तापलेल्या इंजिनाची धग थेट पंपात शिरत नाही. आणि त्याची जाडी ठरलेली असते, कारण दांडी किती ढकलली जावी हे त्या जाडीवर अवलंबून असते. मार्च २०२४ मध्ये पंप काढताना कुणीतरी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटला, पॅकिंग मोडले, आणि त्याच्या जागी कागदी पॅकिंग कापून लावून दिले. पंप तेवढा आत सरकला. दांडी प्रमाणाबाहेर ढकलली जाऊ लागली आणि पडदा प्रत्येक फेऱ्याला नको तेवढा ताणला जाऊ लागला, मिनिटाला पंधराशे वेळा. नव्यातला पहिला पंप उघडला तर पडदा मधल्या वायसरच्या कडेने गोल फाटलेला. कातरल्यासारखा. हा डुप्लिकेट मालाचा दोष नव्हे.

इथे एक धोक्याची गोष्ट सांगायलाच हवी. पडदा फाटला की पेट्रोल नुसते गळत नाही, ते पंपातून इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरते. ऑइल पातळ होते, बेअरिंगांची वाट लागते. जुलै २०२४ मध्ये डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली होती आणि त्याला पेट्रोलचा वास होता, हे मी स्वतः पाहिले होते. गॅरेजमध्ये सांगितलेही होते. "ऑइल जास्त भरलं असेल सर." न जळता वाढणारे ऑइल मी तरी कुठे पाहिले होते? पण गप्प बसलो. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी पंप बदलला की त्याच दिवशी डिपस्टिक पुसून पाहावी आणि हुंगावी. वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी हलवू नये.

नव्यातला दुसरा पंप उघडला तर तो गेलेलाच नव्हता! पडद्यावर ताणाची नुसती वळी पडायला लागली होती, पण पडदा शाबूत. आत घेणाऱ्या झडपेखाली काळ्या रबराचे बारीक कण आणि तपकिरी चिकट गाळ अडकलेला. झडप मिटत नव्हती म्हणून ओढ लागत नव्हती. पेट्रोलने धुतला, तोंडाशी अंगठा धरून दांडी हलवली, अंगठा ओढला जातो. चांगला चालू पंप मी बाराशे रुपये देऊन डब्यात टाकला होता. आणि तो काळा चुरा कुठून आला? टाकीपाशी लोखंडी पाइप आणि टाकी यांना जोडणारी एक वीतभर रबरी नळी आहे, तिच्यातून. बाहेरून ती तुकतुकीत होती. कापली तर आतून सुटत आलेली, आणि जुबली क्लिपखाली बारीक चीर. ही नळी पंपाच्या ओढीच्या बाजूला आहे, त्यामुळे चीर पडली तरी पेट्रोल ठिबकेलच असे नाही. उलट तिथून हवा आत ओढली जाते. गळत नाही म्हणून चांगली आहे असे धरून सगळे पुढे गेले होते. बरे, गाळणी बसवलेली होती ती पंपाच्या पुढे, कार्ब्युरेटरपाशी. म्हणजे चोर घरात शिरल्यावर मागच्या दाराला कुलूप.

आणि तिसरा, घाटातला? तो तर फक्त तापला होता. पेट्रोलचे हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. मे महिन्यातली दुपार, चढ, इंजिनाला टेकलेला पंप, मध्ये जाड पॅकिंग नाही, मागून नळीतून हवा. पंपात पेट्रोलच्या जागी वाफ भरली. हा पंप पातळ पदार्थ ढकलायला केलेला आहे, वाफेपुढे तो नुसता धापा टाकतो. टेम्पोवाल्याला हे पंचा भिजवण्यापूर्वी कळले होते.

म्हणजे जुन्या पंपाचे मरण सोडले तर तीन 'गेलेल्या' पंपांपैकी खरोखर एकच गेला होता, आणि तोही मारला गेला होता.

आता इथेनॉलबद्दल. मी हे सगळे ग्रुपवर थोडक्यात टाकले तेव्हा चिरंजीवांपासून व्याह्यांपर्यंत सर्वांनी एकमुखाने सांगितले, "काका, इथेनॉलच ते!" माझे धाकटे बंधू ऊस लावतात, त्यामुळे मी या विषयावर बोललो की एक बाजू म्हणते मी विकला गेलो आणि दुसरी म्हणते मी घरभेदी. दोघांनीही ऐकावे. इथेनॉलचा हात आहे. जुने रबर त्याने फुगते आणि सुटते, वर्षानुवर्षे टाकीत बसलेला चिकटा तो मोकळा करतो, आणि तो पाणी धरून ठेवतो, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीला गंज चढतो. १९८८ च्या गाडीतले रबर या पेट्रोलसाठी केलेले नव्हते. आपल्याकडे पाच टक्के मिश्रण २००३ पासून सुरू झाले, दहा टक्के २०२२ मध्ये गाठले आणि वीस टक्के २०२५ मध्ये. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेच जुन्या चारचाकींचे मायलेज वीस टक्क्यांच्या मिश्रणाने सहा-सात टक्के घटेल असा अंदाज दिला होता आणि जुन्या गाड्यांसाठी दहा टक्क्यांचे पेट्रोल मिळत राहावे असेही सुचवले होते. ते पेट्रोल आमच्या गावात कुठल्या नोझलला मिळते हे मला अजून सापडलेले नाही. त्याबद्दल सरकारशी भांडायला मी तयार आहे, पहिली सही माझी.

पण पॅकिंग इथेनॉलने मोडले नाही. स्क्रूड्रायव्हरने मोडले. गाळणी चुकीच्या जागी इथेनॉलने बसवली नाही. उद्या शुद्ध पेट्रोल मिळाले असते तरी पहिला पंप जुलैतच फाटला असता. आणि इथेनॉल हे कारण आहे हे ज्याला खरोखर पटले असेल त्याने निदान ती नळी बदलायला नको होती का? इथेनॉलला टिकणाऱ्या रबराची नळी मिळते, विटॉनची, थोडी महाग पण मिळते. 'इथेनॉल' म्हणून मान हलवायची आणि १९८८ ची नळी तशीच ठेवून चौथा पंप विकायचा, याला निदान म्हणत नाहीत.

अमेरिकेतल्या भाच्याचे म्हणणे वेगळे. "मामा, इलेक्ट्रिक पंप टाक, कटकट मिटेल." भाचा हुशार आहे, माझा लाडकाही आहे. पण बाबा रे, आपल्या या पंपाचा दाब असतो तीन-चार पौंड. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांचा पंप चाळीस पौंडांच्या पुढचा. तसला काही कुणी हाताला लागला म्हणून बसवला तर कार्ब्युरेटरची सुई तो दाब रोखू शकत नाही, पेट्रोल उतू जाते, आणि खाली तापलेला सायलेन्सर असतो. कमी दाबाचे पंप मिळतात, मान्य. पण आपला पंप इंजिन थांबले की आपोआप थांबतो. तो इंजिन बंद पडले तरी, अपघात झाला तरी चालूच राहतो, वेगळा स्विच जोडला नसेल तर. आणि मुख्य म्हणजे फुटक्या नळीतून हवा तोही ओढणारच. फक्त आवाज करत ओढेल.

गॅरेजवाल्यांचा मला द्वेष नाही. पोरांना पंप उघडायला शिकवलेले नाही, आणि पंप उघडून धुऊन परत बसवला तर गिऱ्हाईक पन्नास रुपये देतानाही घासाघीस करते, नव्या पंपाचे बाराशे मात्र मुकाट्याने देते. तो गिऱ्हाईक मी होतो. तपासणीचे पैसे द्यायला आपण तयार नसतो, वस्तूचे देतो. मग दुकानदार वस्तू विकणारच. म्हणून आता मी गॅरेजमध्ये गेल्यावर पहिल्यांदा सांगतो, तपासायचे दोनशे रुपये वेगळे घ्या, पण आधी टाकीचे झाकण उघडून पाहा, झाकणाचे भोक बुजले असेल तर टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल येत नाही. मग पंपाची ओढीची नळी काढून स्वच्छ पेट्रोलच्या डब्यात बुडवा आणि सेल्फ मारा. कार्ब्युरेटरपाशी पेट्रोलची पिचकारी आली तर पंप चांगला, दोष मागे. नाही आली तरच पंप काढा, आणि काढला तर माझ्यासमोर उघडा. दहा मिनिटांचे काम आहे. परवा तिथला एक मुलगा म्हणाला, "सर, तुम्ही परीक्षाच घेता." मी म्हणालो, होय.

शेवटी केले काय? मिस्त्रींनी जुन्या अर्ध्या तुकड्यावरून जाडी मोजून दिली, त्या मापाचे पॅकिंग मुलाकडून करून घेतले, साठ रुपये. नळ्या दोन्ही बदलल्या. टाकी उतरवून धुतली, त्यातून जे निघाले ते वर्णन करण्यासारखे नाही. गाळणी पंपाच्या आधी बसवली. आणि पंप? डब्यातला दुसरा, धुतलेला, त्यात नवा पडदा घालून. चौथा पंप अजून दुकानातच आहे.

२०२५ च्या ऑक्टोबर हीटमध्ये मी भर दुपारी वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला गेलो, एकटाच, मुद्दाम. वर पोचल्यावर पंपाला बोट लावून पाहिले, ठेवता आले. घरी सांगितले नव्हते, आता हे वाचून कळेल.

सौ.च्या दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन आता ठरले आहे, पुण्यालाच. चिरंजीवांचे म्हणणे आहे की टॅक्सी पाठवतो, फियाट काढू नका. मी काही बोललो नाही. रात्री जेवताना हीच म्हणाली, "पंचा आणि पाण्याच्या दोन बाटल्या मात्र डिकीत ठेवा. आणि निघायचं ते सकाळी सहाला."